तानपुरा, पंखा आणि डॅक

हेडफोनवर मन लावून गाणं ऐकणाऱ्या माणसापुढे डॅकचा प्रश्न कधी ना कधी येतोच. हेडफोन चांगला घेऊन झालेला असतो, गाणी लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता साठवलेली, ऐकायची सोय झालेली असते. तरी वाटत राहतं की फोन आणि हेडफोन यांच्या मधल्या त्या एवढ्याशा भागात काहीतरी अडतंय, तो बदलला तर सूर आणखी मोकळा होईल. ठाण्यात आणि नवी मुंबईत असं वाटणारी माणसं मला सतत भेटतात. वन बीएचकेत मोठे स्पीकर लावायचे तर भिंतीपलीकडच्यांचा विचार करावा लागतो. त्यामुळे आमच्याकडे गाण्याची हौस हेडफोनवरच भागवली जाते, आणि पैसेही तिथेच खर्च होतात.

डॅक ही काही चैनीची वस्तू नाही. फाइलमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं, आणि त्या आकड्यांपासून विजेची लहर तयार करणारी चिप म्हणजे डॅक (डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर). फोन, लॅपटॉप, टीव्ही, ब्लूटूथचे इअरबड, सगळ्यांत ती आधीपासून बसलेली असते. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक गेला, पाठोपाठ इतर फोनमधूनही जायला लागला, आणि ही चिप डोंगलच्या, म्हणजे फोनला बाहेरून लावायच्या छोट्या जोडाच्या, रूपात सर्वसामान्य माणसाच्या हातात आली. बोटाएवढं डोंगल हजाराच्या आसपास मिळतं. तेच काम करणारा टेबलावरचा डॅक लाखाच्या घरातही जातो. या दोन किमतींच्या मधल्या पैशांत कानाला नेमकं काय मिळतं, हे मला ऐकून ठरवायचं होतं.

उत्तर आधीच सांगून टाकते. नीट बनवलेले दोन डॅक, आवाजाची पातळी अगदी सारखी करून आणि कुठला चालू आहे ते न कळता ऐकले, तर मला त्यांच्यातला फरक ओळखता येत नाही. ज्याच्यासोबत मी हे सगळं ऐकलं त्या माझ्या मावसभावालाही येत नाही, आणि त्याचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत. पण एवढ्यावर विषय संपत नाही. फरक कुठे नाही, कुठे आहे आणि असला तर कशामुळे आहे, हे शोधताना मी जेवढं बारकाईने ऐकलं तेवढं एरवी कधीच ऐकलं नव्हतं.

माझी कसोटी तानपुऱ्याची. आमच्या घरी मिरजेहून आणलेला तानपुरा आहे. मुलगी नौपाड्यात गाणं शिकायला जाते, आणि संध्याकाळी ती रियाझाला बसायच्या आधी आम्ही दोघी मिळून तो लावतो. आधी खुंट्या, मग मणी, आणि सगळ्यात शेवटी घोडीवरचा दोरा. तार आणि घोडीचा माथा यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवलेला असतो. तो नखाने जरासा पुढे ढकलला की तार एकदम बोलायला लागते, खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप वर येतो, खोलीभर झंकार पसरतो. दोरा तसूभर मागे गेला की तीच तार बोथट वाजते. हा फरक ऐकायला तयार कान लागत नाही. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या सासूबाई तिथूनच म्हणतात, "आता लागला गं."

दोन आवाजांत फरक आहे असं कुणी म्हटलं की मी त्याला या दोऱ्याशेजारी ठेवून बघते. केसाएवढ्या हालचालीने घोडीवर जे घडतं, त्यामागचं शास्त्र चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये मांडलं होतं. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्यांचा निष्पंद बिंदू (तार न हलणारी जागा) येतो ते स्वयंभू स्वर (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले वरचे स्वर) उमटायलाच नकोत, असा युरोपातला मान्य नियम होता. तानपुऱ्याच्या आणि वीणेच्या तारेत ते ठणठणीत ऐकू येतात, आणि याचं कारण घोडीच्या त्या रुंद, किंचित गोलसर माथ्यात आहे, हे रामन यांनी दाखवलं. ध्वनीचा अभ्यास करायला याहून सुंदर वाद्य मला माहीत नाही.

आता हा तानपुरा डॅकला किती जड जातो ते बघू. मुलीची पट्टी काळी चार, म्हणजे जोडाच्या तारा (मधल्या, षड्जाच्या दोन) साधारण २०८ हर्ट्झवर, सेकंदाला २०८ कंपनांवर. त्यांचा अगदी चाळिसावा स्वयंभू स्वर धरला तरी आपण ८ किलोहर्ट्झच्या थोडे वर पोहोचतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत लहरीची सेकंदाला ४४,१०० मोजमापं, म्हणजे नमुने, असतात, आणि त्यांतून २२.०५ किलोहर्ट्झच्या खालची प्रत्येक लहर जशीच्या तशी परत उभी करता येते. जशीच्या तशी असं मी जपून म्हणतेय. अभियंते नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि गणितज्ञ शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या गणिताचा हाच अर्थ आहे. दोन नमुन्यांमध्ये आवाजाचे "पायऱ्या-पायऱ्यांचे" तुकडे राहतात, हे चित्र जाहिरातींतून इतकं पसरलंय की गाण्यातली शहाणी माणसंही ते खरं मानतात. डॅकच्या शेवटी बसलेला फिल्टर त्या पायऱ्या पुसून टाकतो आणि बाहेर येते ती सलग, गुळगुळीत लहर. फिलिप्सच्या अगदी पहिल्या सीडी प्लेयरमधली चिप १४ बिटची होती, पण चौपट वेगाने ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे मधले नमुने हिशोबाने भरून, तिने जवळजवळ १६ बिटचं काम करून दाखवलं. म्हणजे या कामातला अवघड भाग माझ्या लहानपणीच सुटलेला होता. पुढच्या चाळीस वर्षांत तो स्वस्त होत गेला.

हे झालं कागदावर. कानांचं काय, हे बघायला मी नेरुळला त्या मावसभावाकडे, म्हणजे दादाकडे, जात असे.

ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्यापुढे जुईनगरला वळते आणि मग नेरुळ. या गाडीत डॅकचा विचारही मनात येत नाही. उघड्या दारांतून आणि खिडक्यांतून येणाऱ्या खडखडाटात गाण्यातले मंद भाग बुडूनच जातात, आणि ते वर काढायला आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांच्या आत ठेवावा, आणि पातळी वाढली की ही वेळ झपाट्याने कमी होते. त्यामुळे लोकलमध्ये ऐकणाऱ्याला माझा आग्रहाचा सल्ला असतो की आधी कानात नीट बसणारी रबरी टोकं शोधा. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज कमी ठेवता येतो आणि गाणं जास्त ऐकू येतं. एवढा मोठा फायदा मला कुठल्याही चिपने करून दिलेला नाही.

दादाच्या टेबलावर तेव्हा ॲपलचं पांढरं डोंगल होतं, फियो कंपनीचा के५ प्रो हा टेबलावरचा डॅक होता, तसाच दुसरा के५ प्रो त्याने ऑफिसातल्या मित्राकडून मागून आणला होता, आणि रेझिस्टरच्या शिडीवर चालणारा, ओव्हरसॅम्पलिंग अजिबात न करणारा एक जुन्या धाटणीचा डॅक होता. दोन के५ प्रो का, याला कारण आहे. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएम कंपनीच्या चिपच्या कारखान्याला मोठी आग लागली. डॅक बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या एकेएमच्या चिपांवर अवलंबून होत्या. पुरवठा आटला, आणि त्यांनी आपल्या उपकरणांचे आराखडे बदलून ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपा बसवल्या. के५ प्रो त्यांतलाच. त्यामुळे एकाच नावाची, एकाच सांगाड्याची पण आत वेगळ्या घराण्याची चिप असलेली दोन उपकरणं बाजारात आली. हेडफोनवाल्यांत तर ठाम समजूत असते की एकेएम मऊ आणि ईएसएस जरा टोकदार. ती तपासायला इतकी चांगली संधी पुन्हा कुठून मिळणार?

तुलना करायची तर पहिली अट आवाजाची पातळी. टेबलावरच्या डॅकचं लाइन आउट (ॲम्पकडे जाणारा आवाज) साधारण २ व्होल्टचं असतं, डोंगलचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा ६ डेसिबलचा फरक झाला. मोठा आवाज आपल्याला फक्त मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. ध्वनिसंशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की पातळी खाली आली की कान खर्जाला आणि अगदी वरच्या पट्टीला कमी दाद देतो, आणि पातळी वाढली की ती दोन्ही टोकं परत भरून येतात. म्हणून अर्ध्या-एक डेसिबलने मोठा असलेला डॅक "भरदार" आणि "मोकळा" वाटतो, आणि ऐकणाऱ्याला मोठा आवाज असा तो ओळखूही येत नाही. डॅकच्या वर्णनांत हे दोन शब्द वाचले की पातळी मोजली होती का, हे मी आधी शोधते.

दादाने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून एक छोटी पेटी बनवली. मागे आरसीए सॉकेटांच्या (ऑडिओच्या तारा खोचायच्या) तीन जोड्या, पुढे फिरवायचा स्विच, आणि ज्या डॅकचा आवाज मोठा त्याच्या वाटेवर मल्टिटर्न ट्रिमपॉट, म्हणजे आवाज केसभर कमी-जास्त करायची स्क्रूची कळ. मॅकमध्ये एकच गाणं एकाच वेळी दोन उपकरणांना पाठवायची सोय असते, ती वापरायची. दोन्ही डॅकचा आवाज पेटीत, पेटीतून एकाच ॲम्पमध्ये आणि तिथून ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी ६०० हेडफोनमध्ये. मग सूर लावायचा. साध्या मल्टिमीटरचं एसी मोजमाप खात्रीचं असतं ते साधारण ४०० हर्ट्झपर्यंत, म्हणून ३०० हर्ट्झचा सरळ सूर वाजवायचा, हेडफोन जोडलेलाच ठेवायचा आणि दादाने घड्याळजीच्या स्क्रू ड्रायव्हरने तो पॉट फिरवत राहायचं. ०.१ डेसिबल म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी. २०० मिलिव्होल्टवर जेमतेम २ मिलिव्होल्ट. शेवटच्या आकड्यासाठी दादा श्वास रोखून बसायचा. तानपुऱ्याचा मणी सरकवताना मुलीचा चेहरा असाच होतो.

दुसरी अट, कुठला डॅक वाजतोय हे कळता कामा नये. हे काम वहिनींनी घेतलं. त्या आमच्या पाठीमागे बसत आणि सापशिडीचा फासा टाकत. सम आलं तर एक डॅक, विषम आलं तर दुसरा. बदलताना आधी ॲम्पचा आवाज बंद, मग स्विच, मग परत चालू; स्विच न हलवतासुद्धा तेवढाच वेळ घ्यायचा. "मला काही विचारायचं नाही आणि वळून बघायचं नाही," असं त्यांनी पहिल्यांदाच बजावलं, आणि शेवटपर्यंत त्या शब्दाला जागल्या. दोघांनी आपापलं उत्तर कागदावर लिहायचं, बोलायचं नाही. वहिनी एका जुन्या डायरीत फाशाचे आकडे टिपून ठेवायच्या.

त्याआधी आम्ही डोळ्यांसमोर ठेवून ऐकलं होतं. तेव्हा एकेएमवाल्या के५ प्रोवर गाणाऱ्या बाईंचा षड्ज गोल वाटला, ईएसएसवाल्यावर त्याच षड्जाला कड आली. "अगं, ऐक ना, श्वास घेतल्याचंही ऐकू येतंय," दादा म्हणाला, आणि मलाही ते ऐकू येत होतं. ते जाणवणं खोटं नव्हतं; आपलं मन डोळ्यांनी आणलेलं आणि कानांनी आणलेलं एकत्र करूनच ऐकतं. पण वहिनींचा फासा सुरू झाला आणि गोल-टोकदार हे दोन्ही शब्द आमच्या कागदांवरून नाहीसे झाले. डायरी उघडली तेव्हा दोघांची बरोबर उत्तरं निम्म्याच्या आसपास होती. नाणं उडवूनही तेवढीच आली असती. दादा म्हणाला, "पुन्हा घेऊ." आम्ही लहान तुकडे घेतले, कारण आवाजाचा बारीक पोत कानात फार तर काही सेकंद टिकतो. मग लांब तुकडे घेतले, कारण सवय व्हायला वेळ हवा असंही लोक म्हणतात. तानपुरा, एकट्या बाईंचा आलाप, पखवाज, पियानो, सगळं लावून पाहिलं. डोंगल आणि के५ प्रो यांची जोडी लावली तरी तेच.

त्या रेझिस्टरच्या शिडीवाल्या डॅकचं मात्र निराळं झालं. तानपुऱ्यावर तोही ओळखता आला नाही. पण टाळ आणि चिपळ्या असलेला अभंग लावला आणि माझी मुलगी, जी त्या दिवशी माझ्यासोबत आली होती, तिने तो पटापट ओळखायला सुरुवात केली. दादाला आणि मला काही वेळाने जमलं, तेही टाळांवरच. हे का, ते गणिताने सांगता येतं. ओव्हरसॅम्पलिंग केलं नाही आणि पुढे भरपाईही केली नाही, तर ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर आवाज वरच्या टोकाला उतरत जातो: १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, २० किलोहर्ट्झला ३ डेसिबलहून थोडा जास्त. टाळांची लकाकी नेमकी तिथे राहते. शाळकरी मुलीचे कान तिथपर्यंत सहज पोहोचतात, आमच्या वयाचे कान तिथे थकलेले असतात. अशा डॅकला लोक "ऊबदार" म्हणतात. तो त्यांना आवडत असेल तर आवडो, मलाही काही जुन्या, किरकिऱ्या रेकॉर्डिंगवर तो बरा वाटला. फक्त त्या ऊबेला टाळांनी किंमत मोजलेली असते, आणि तीच ऊब फोनच्या इक्वलायझरमध्ये वरची पट्टी किंचित खाली ओढून फुकट मिळते.

ऐकून समाधान झालं तरी मला ते मोजायचंही होतं. मुलीच्या रियाझाच्या रेकॉर्डिंगसाठी घरात एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी पेटी, आहे. आमच्याच तानपुऱ्याची दोन मिनिटं मी एका डॅकमधून वाजवून परत रेकॉर्ड केली, मग दुसऱ्या डॅकमधून. दोन्ही रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर एकमेकांवर तंतोतंत बसवायची आणि एकातून दुसरं वजा करायचं. दोन्ही सारखीच असतील तर शून्य उरेल. शून्य कधीच उरत नाही, कारण प्रत्येक डॅकचं घड्याळ केसभर निराळं चालतं आणि फिल्टरही वेगळे असतात. पण जे उरलं ते मूळ आवाजाच्या ७०-८० डेसिबल खाली होतं. नेहमीच्या आवाजात ती फाइल लावली तर काहीच ऐकू येत नाही. मी ती सॉफ्टवेअरमध्ये चढवत नेली. खूप वर नेल्यावर आधी सूं असा आवाज आला, आणि त्या सूंच्या आत, लांब कुठेतरी, चार तारांची सावली. ती खरी होती, दोन डॅकमधला खराखुरा फरक तो हाच. मूळ तानपुरा त्याच पातळीला चढवला असता तर कानाचा पडदा राहिला नसता.

मी घोडबंदर रोडच्या बाजूला राहते. रात्री अवजड गाड्यांची रांग सुरू होते, मेट्रोच्या कामाचे आवाज येतात, आणि एचडी ६०० हा पाठीमागून उघडा हेडफोन असल्यामुळे बाहेरचं सगळं सरळ आत येतं. खिडक्या लावून घेतल्या तरी पंखा असतोच. फोनवरच्या ॲपचा आकडा अगदी काटेकोर नसतो, पण अंदाजाला पुरतो: पंखा तिनावर असताना माझ्या खोलीत ४५ डेसिबलच्या आसपास. मी ऐकते तेव्हा गाण्यातला सगळ्यात मोठा क्षण साधारण ८५ ते ९० डेसिबलला जातो. म्हणजे माझ्या हाती उरली फार तर ४५ डेसिबलची जागा. सीडीची १६ बिटची जागा ९६ डेसिबलची आहे. चांगल्या डॅकची ११० ते १२०. पन्नासहून अधिक डेसिबलची ही शिल्लक माझ्या घरात पंख्याच्या पात्यांखाली गाडली गेलेली असते.

म्हणून मे महिन्यातही मी ऐकण्याचा तेवढा वेळ पंखा बंद करते. घाम येतो, पण सारंगीवर गज टेकतो तो क्षण ऐकू येतो, तबल्याच्या चाटीवरून उठणारं बोट ऐकू येतं. या दोन गोष्टींसाठी लोक डॅक बदलतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की एकदा पंख्याचं बटण बंद करून बघा, आणि तेच गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावा.

रेकॉर्डिंगचंही तेच आहे. आमच्या घरात ज्यांची पारायणं होतात ती गाणी बहुतेक टेपवर ध्वनिमुद्रित झालेली. साध्या कॅसेटवर गाणं आणि टेपची सरसर यांच्यात ५० ते ६० डेसिबलचं अंतर, स्टुडिओच्या टेपवर त्याहून जास्त, पण आजच्या डोंगलच्या जवळपासही नाही. जुन्या मैफिलीची सरसर ही डॅकने आणलेली नसते आणि डॅक ती काढूही शकत नाही. त्याच मैफिलीचं चांगल्या प्रतीवरून केलेलं नवं डिजिटल हस्तांतर मिळालं, तर ते बारा डॅक बदलण्याहून मोलाचं.

मग स्वतंत्र डॅक घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण कारण माहीत करून. माझ्या आधीच्या लॅपटॉपला चार्जर लावला की हेडफोनमध्ये बारीक चिरचिर सुरू व्हायची, माउस हलवला की तिचा सूर बदलायचा. तिथे डोंगल लावल्याक्षणी शांतता झाली. हा फरक ऐकायला फासा लागत नाही. दुसरं कारण आउटपुट इम्पीडन्सचं (इम्पीडन्स म्हणजे विजेच्या लहरीला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजलेला), आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. आर्मेचर नावाच्या इवल्या यंत्रणेवर चालणाऱ्या कानातल्या इअरफोनचा इम्पीडन्स वेगवेगळ्या सुरांना वेगवेगळा असतो. समजा तो कुठे ८ ओहम आणि कुठे ४० ओहम आहे. ज्या जॅकला तो लावला त्याचा स्वतःचा इम्पीडन्स १० ओहम असेल, तर त्या दोन जागांमध्ये ५ डेसिबलची तफावत पडते. १ ओहम असेल तर १ डेसिबलहून कमी. ५ डेसिबल म्हणजे इअरफोनच बदलल्यासारखं. अशा वेळी लोक श्रेय देतात चिपला, आणि काम केलेलं असतं शेजारच्या ॲम्पने. तिसरं, आवाज पुरणं. आपल्या शास्त्रीय गाण्याची जुनी ध्वनिमुद्रणं हळू आवाजात केलेली असतात आणि ३०० ओहमच्या हेडफोनवर डोंगल कधीकधी शेवटच्या टोकाला जातं. तिथे टेबलावरचं यंत्र हवंच. अँड्रॉइडवाल्यांनी आणखी एक बघावं: ॲपलचं डोंगल काही अँड्रॉइड फोनवर फारच हळू वाजतं, तिथे दुसरं घेतलेलं बरं.

दादाने के५ प्रो ठेवलाय. त्याचं मोठं बटण अंधारातही हाताला लागतं आणि रात्री आवाज नेमका हवा तेवढा ठेवता येतो, असं तो सांगतो. हे मला पूर्ण पटतं. रोज हाताळायच्या वस्तूला चांगलं बटण असणं ही छोटी गोष्ट नाही.

संशोधकांनी अशाच प्रकारच्या चाचण्या आमच्याहून कितीतरी काटेकोरपणे केल्यात. मायर आणि मोरान यांनी २००७ मध्ये उच्च प्रतीच्या (सीडीहून वरच्या दर्जाच्या) ध्वनिमुद्रणाच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून पाहिला. तो आहे की नाही हे ऐकणाऱ्यांना ओळखता आलं नाही, बरोबर उत्तरं निम्म्यावर आली. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी असे १८ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा उच्च प्रतीचा आवाज ओळखण्याचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं, आणि सराव दिलेल्या ऐकणाऱ्यांचं त्याहून बरंच वर. हा दुसरा निष्कर्ष मी मुद्दाम सांगते. काहीच नसतं असं छातीठोकपणे म्हणणारेही जरा घाई करतात. जे असतं ते इतकं कडेला असतं की तिथवर पोहोचायला तयार कान, बंद पंखा आणि पुष्कळ धीर लागतो.

मधे एकदा मुलीला घेऊन गडकरी रंगायतनला गाण्याला गेले होते. कलाकारांनी पडद्यामागे तानपुरे लावायला घेतले तेव्हा माइक अजून चालू व्हायचे होते, आणि आम्हाला पुढच्या रांगेत जागा मिळाली होती. जोडाच्या दोन तारा एकमेकींपासून किंचित सुटलेल्या होत्या, त्यांच्यातली ती संथ हेलकावणारी लाट हळूहळू लांबत गेली आणि मग थांबली. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "आई, मिळाल्या." हीच लाट मी हेडफोनवर शोधत असते. ती डोंगलवर सापडते, के५ प्रोवर सापडते, शिडीवाल्या डॅकवरही सापडते. फोनच्या स्पीकरवर ती सापडत नाही, आणि हेडफोनच्या गाद्या दबल्यावर तिच्याभोवतीचा खर्जाचा सगळा पाया बदलतो.

त्या गाद्यांकडेच आता आमचं लक्ष आहे. एचडी ६०० च्या मखमली गाद्या वापरून वापरून चपट्या होतात, कान आणि आतला पडदा यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि आवाजाचा तोल काही डेसिबलने सरकतो. दोन डॅकमध्ये आम्ही वर्षभर जे शोधलं त्याच्या कित्येक पट मोठा हा फरक आहे, आणि नव्या गाद्यांची जोडी एका मधल्या डॅकच्या किमतीच्या बरीच खाली येते. दादाने मागवली आहे. यावेळी फासा टाकून चालणार नाही, कुठली गादी आहे ते कानाला स्पर्शानेच कळतं. तेव्हा जुन्या आणि नव्या जोडीवर तोच तानपुरा आधी रेकॉर्ड करून घ्यायचा आणि मग बाकीचं, असं वहिनींनी सुचवलंय. त्यासाठी कानाच्या आकाराचा साचा लागेल, त्यात माइक बसवायचा आहे. सध्या दादा सिलिकॉन शोधतोय.